बिनकमिशनचा बट्टा

परदेशी सहलीचं ठरलं की मराठी घरात दोन चौकश्या सुरू होतात. तिकडे शाकाहारी जेवण मिळतं का, आणि डॉलर कुठे स्वस्त मिळतो. पहिलीचं उत्तर दशम्या-चिवड्याच्या पिशवीत सापडतं. दुसरीचं काही केल्या सापडत नाही, कारण शेजारच्या काकूंच्या जावयाला तो कायम आपल्यापेक्षा दहा पैशांनी स्वस्त मिळालेला असतो. विमानाच्या तिकिटाला दोन हजार जास्त गेले तर ‘जाऊ दे, रोज थोडंच जातो’ म्हणणारा गृहस्थ या दहा पैशांसाठी डोंबिवलीहून थेट फोर्टात जातो. हजार डॉलर घ्यायचे असतील तर दहा पैशांचा फरक म्हणजे बरोबर शंभर रुपये. लोकल, टॅक्सी, वडापाव आणि दोन कटिंग यांचा हिशेब त्याच्या बायकोने मागितला नाही तर शंभर रुपये वाचले असं म्हणायला हरकत नाही. माझं म्हणणं असं की पैसे बदलण्याच्या व्यवहारात आपण ज्याच्या मागे धावतो तो भाव हाच सगळ्यात किरकोळ आकडा आहे. पैसे किती वेळा बदलले, कोणाच्या हातांनी बदलले आणि शेवटी खिशात किती उरले, यावर सगळा नफा-तोटा ठरतो; आणि नेमकं तेच कोणी विचारत नाही.

पुरावा म्हणून भूतानच घ्या. जगातला सर्वोत्तम भाव हवा असेल तर त्याच्यापुढे जाता येत नाही. १९७४ साली न्गुल्ट्रम हे चलन आलं तेव्हापासून ते भारतीय रुपयाशी एकास एक आहे. ना दशांश, ना घासाघीस. आपला रुपया तिथे चालतोही. सरहद्दीवरच्या फुंटशोलिंगच्या कमानीअलीकडे बंगालमधलं जयगाव आहे. तिथला दुकानदार न्गुल्ट्रमची नोट रुपयासारखीच गल्ल्यात टाकतो. पण हीच नोट तुम्ही सुट्ट्यांच्या घोळात पाकिटात ठेवून पुण्यापर्यंत आणली, की ती वाण्याला दाखवून बघा. कागदावर भाव अजूनही एकास एकच असतो. वाण्याचा चेहरा मात्र वेगळा भाव सांगतो. म्हणजे ज्या सरहद्दीवर भावात एका पैशाचाही तोटा शक्य नाही, तिथेही माणूस शंभर टक्के तोटा करून घेऊ शकतो. फक्त वेळेवर खर्च करायचं विसरावं लागतं.

नेपाळचा दाखला याहून बोलका. मुक्तिनाथ-पशुपतिनाथाच्या यात्रेला निघालेली आपली मंडळी सुनौलीला किंवा रक्सौलला पोचली की एकमेकांना विचारतात, ‘इथे बरा भाव कुठे मिळेल?’ १९९३ पासून शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी, हा भाव ठरलेला आहे. मधल्या काळात काठमांडूत राजेशाही गेली, २००८ साली प्रजासत्ताक आलं, २०१५ साली नवं संविधान आलं, पंतप्रधान किती आले-गेले ते मोजत बसू नये. पण हा दीडाच्या वरचा दशांश काही जागचा हलला नाही. तरीही तिथे भाव विचारत फिरणं म्हणजे पंचांगात रविवारनंतर कोणता वार येतो हे चार भटजींना विचारण्यासारखं आहे. तोटा होतो तो दुसरीकडेच. चहाच्या टपरीवर भारतीय शंभराची नोट पुढे केली आणि टपरीवाल्याने सोपं गणित म्हणून दीडपट धरून मोड दिली, की दहा नेपाळी रुपये गेले. म्हणजे सव्वासहा टक्के. फोर्टातल्या सराफाने एवढा बट्टा मागितला असता तर आपण ग्राहक पंचायत गाठली असती. इथे चहा बरा असतो, हिमालय दिसत असतो, म्हणून चालून जातं. शिवाय २०१८ च्या डिसेंबरात नेपाळ सरकारने शंभरावरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली, तेव्हा पाचशेच्या कोऱ्या करकरीत नोटा नेणाऱ्याला कळलं असेल की भाव जसाच्या तसा राहतो आणि नोट मात्र चालेनाशी होते.

मग ‘झिरो कमिशन’च्या पाट्यांचं काय? त्या खोट्या नसतात. दुकानदार कमिशन घेत नाही, कारण त्याला घ्यायची गरजच नसते. बोर्डावर दोन रकाने असतात, ‘आम्ही घेतो’ आणि ‘आम्ही विकतो’. समजा, डॉलर तो ९१ ला विकतो आणि ८८ ला घेतो. मधले तीन रुपये कोणाचे, असा प्रश्न विचारण्याऐवजी आपण पाटी वाचून खूश होतो आणि शेजारच्या दुकानापेक्षा पाच पैसे कमी म्हणून हसतमुखाने नोटा मोजून घेतो. विमानतळावर हे दोन रकाने आणखी लांब सरकलेले असतात, कारण तिथे गिऱ्हाईक सामान चेक-इन करून बसलेलं असतं आणि ते फोर्टात जाऊ शकत नाही. ही रीत काही नवी नाही. पेशवाईत टांकसाळीगणिक रुपया वेगळा होता, आणि एकाचा दुसरा करून घ्यायचा तर सराफ बट्टा कापून घेई. त्याने मात्र दुकानावर ‘बट्टा नाही’ अशी पाटी लावल्याचं ऐकिवात नाही. तेवढा सभ्यपणा त्याच्यात होता. मराठवाड्यात तर अगदी हैदराबाद विलीन झाल्यानंतरही काही वर्षं दोन रुपये नांदत होते. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजी कलदार, सात हालीला सहा कलदार. शंभर कलदारांचे ११६ रुपये १० आणे ८ पै. हे गणित तोंडी करणाऱ्यांची नातवंडं आज मोबाइलमध्ये तीन ॲप ठेवून बँकॉकला जातात आणि तिथे बाटाला अंदाजे तीन धरतात.

बँकॉकचा विषय निघालाच आहे तर तिथल्या काउंटरपाशी जरा थांबू. आपण मुंबईत रुपयांचे डॉलर केले, हा एक बट्टा. तिथे डॉलरचे बाट करायचे, हा दुसरा. आता काउंटरवरची मुलगी आपली नोट दिव्याखाली धरते. कडेला बॉलपेनची रेघ आहे का, मधली घडी फार जुनी आहे का, कोपरा फाटला आहे का, हे ती इतक्या बारकाईने बघते की तेवढं आपल्याकडे स्थळ आल्यावर मुलाच्या पगाराकडेही कोणी बघत नाही. मग कळतं की शंभर डॉलरच्या नोटेला एक भाव आहे आणि वीस, दहा, पाचच्या नोटांना त्याहून कमी. सुट्टे जवळ असलेले बरे, म्हणून आपण मुंबईतच आग्रह करून लहान नोटा मागून घेतलेल्या असतात. दहा पैशांची कमाई इथे गिळली जाते आणि वर दुवाही मिळत नाही. दुबईला जाणाऱ्यांचंही तेच. दिरहॅम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे, तेव्हा डॉलर नेण्याने भाव सुधारत नाही. बदलण्याची एक फेरी तेवढी वाढते. दिरहॅमच इथून घेतला तर एक फेरी वाचते. पण ‘डॉलर कुठेही चालतो’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या श्रद्धेने म्हटलं जातं की त्यावर वाद घालणं अधर्म ठरावं. चालतो, पण प्रत्येक पावलागणिक झिजतो.

यावर नव्या पिढीचं उत्तर तयार असतं: नोटा हव्यातच कशाला, कार्ड आहे. मान्य. पण साध्या कार्डावर परदेशी खरेदीला बरेचदा साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप असतो आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. नव्वद हजारांच्या खरेदीवर हे ३,७१७ रुपये होतात. फोर्टातल्या शंभर रुपयांच्या सदतीसपट. काही कार्डांवर मार्कअप शून्य असतो हेही खरं, आणि ते कार्ड शोधायला अर्धा तास दिला तर एवढ्या वाटाघाटीची गरज राहत नाही. पण कार्ड चांगलं असलं तरी शेवटचा सापळा उरतोच. दुकानदार मशीन पुढे करतो, पडद्यावर दोन रकमा दिसतात, एक बाटात आणि एक रुपयांत. परमुलखात आपला रुपया दिसला की ऊर भरून येतो. बाटाचा आकडा परका वाटतो, रुपयाचा कळतो, म्हणून बोट आपोआप रुपयावर पडतं. तिथला भाव ठरवणारं आपलं कोणी नसतं. त्या यंत्रामागची मंडळी बाजारभावावर आपली टक्केवारी चढवून तो ठरवतात, आणि कित्येक बँका रुपयांत झालेल्या अशा परदेशी व्यवहारावर पुन्हा वेगळं शुल्क लावतात. देशाभिमानाची एवढी रोख किंमत क्वचितच कुठे वसूल होत असेल.

एक आक्षेप गंभीर आहे. थेंबे थेंबे तळे साचे, मग दहा पैशांना का हसता? हसतो, कारण आपण वरून थेंब गोळा करतो आणि खालची मोरी उघडी ठेवतो. पण हे हसणं सगळ्यांना लागू नाही. कोकणातून आखातात गेलेला माणूस दरमहा घरी पैसे पाठवतो. वर्षानुवर्षं, त्याच रकमेच्या आसपास. त्याच्यासाठी दहा पैसे म्हणजे खरंच पोराची फी. तो भाव बघतो, चार दिवस थांबतो, पाठवणावळ किती पडते ते आधी विचारतो, आणि पैसे एकदाच बदलतो. आपण पर्यटक त्याच्यासारखा भाव विचारतो खरा, पण शुल्क विचारत नाही आणि बदलतो तीनदा. तरीही विमानात शेजाऱ्याला भाव सांगताना आवाज आपलाच मोठा.

तिसरी वेळ येते परतताना. हातात अडीचशे डॉलर उरलेले. नेताना ९१ ने घेतलेले ८८ ने परत द्यायचे, म्हणजे साडेसातशे रुपये केवळ जास्तीच्या दूरदृष्टीपायी गेले. कमी नेले असते तर भाव कितीही वाईट असता तरी हे वाचले असते. काही जण म्हणून ते परत देतच नाहीत. ‘पुढच्या वेळी लागतील’ म्हणून कपाटात साडीखाली ठेवतात. कायदा याबाबत समजूतदार आहे. परत आल्यावर १८० दिवसांत जास्तीचं परकीय चलन बँकेला किंवा अधिकृत मनी चेंजरला द्यावं लागतं, दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा मात्र जवळ ठेवता येतात. परदेशी नाण्यांना तर मर्यादाच नाही. हवी तेवढी ठेवा. ही उदारता कशी काय, याचा उलगडा नाण्यांची पिशवी घेऊन मनी चेंजरकडे गेल्यावर होतो. तो पिशवी हातात घेत नाही, भाव सांगत नाही, बोर्डाकडे बोटही करत नाही; ‘घरात लहान मुलं आहेत का?’ एवढंच विचारतो.