जीनमध्ये कामाला

आठवीत ‘माय फादर’ या विषयावर दहा ओळी लिहायच्या होत्या. नऊ ओळी मी गाईडातून उतरवल्या. गाईडातले वडील रोज ऑफिसात जात, सकाळी पेपर वाचत आणि रविवारी मुलांना बागेत नेत. दहावी ओळ तेवढी स्वतःची घातली: ‘माय फादर वर्क्स इन जीन.’

आमचे इंग्रजीचे सर पुण्याकडून नुकतेच दारव्ह्यात आले होते. ऑफिसात जाणारा सज्जन गृहस्थ शेवटच्या ओळीत भलतीकडेच कसा पोचला, हे त्यांना कळेना.

“कशात काम करतात म्हणालास वडील?”

“जीनमध्ये, सर.”

सरांनी टेबलावरचा छोटा शब्दकोश उघडला आणि खणखणीत आवाजात वाचलं, “जीन. नाम. एक प्रकारची दारू.”

वर्गात हशा पिकला. त्यातल्या निम्म्या पोट्ट्यांचे बाप जीनमध्येच कामाला होते, तरी तेही हसले. मीही हसलो. तेराव्या वर्षी वर्ग हसत असताना एकट्यानं गप्प बसणं परवडत नाही.

संध्याकाळी बाबा आले. घरात शिरण्याआधी अंगणात उभं राहून स्वतःला झटकण्याची त्यांची रीत होती. भुवया, कानावरचे केस, बनियनची शिवण, सगळीकडे रुईचे तंतू. हंगाम सुरू झाला की बाबा पन्नाशीतच सत्तरीचे दिसत आणि पावसाळ्यात पुन्हा तरुण होत. मी म्हटलं, “बाबा, सर म्हनते, जीन म्हंजे दारू.”

बाबांनी टॉवेल झटकला. “मंग मास्तरले घेऊन ये म्हना एक दिवस. पेलाभर रुई पाजतो.”

आईला मात्र हे अजिबात रुचलं नाही. तिचं माहेर माळकरी. “उद्यापासून कारखान्यात म्हनत जाय,” तिनं निक्षून सांगितलं, आणि काही दिवस आमच्या घरात बाबा ‘कारखान्यात’ जात होते. पुढं तिच्याच तोंडून ‘डबा जीनवर नेऊन दे’ निघालं आणि बंदी उठली.

खरा उलगडा वाचनालयातल्या जाडजूड शब्दकोशात झाला. तिथं ‘जीन’ दोनदा छापला होता, शेजारी बारीक एक आणि दोन आकडे घालून. दारूवाला जीन ज्युनिपर नावाच्या झुडपाच्या फळांवरून आलेला. आमचा जीन वेगळा. तो ‘एंजिन’चं शेपूट! पुढचा ‘एं’ इंग्रजांनीच कधीतरी वाटेत सांडला. म्युनिसिपालिटीची मुन्शिपाल्टी आम्ही केली म्हणून फार ओशाळायचं कारण नाही, असं तेव्हापासून माझं मत झालं. दोन शब्द, एकच उच्चार, आणि एकमेकांशी सुतराम संबंध नाही. तसा तो शेजारच्या वर्धा जिल्ह्यातही नाहीच. गांधीजींच्या वास्तव्यामुळं तिथं दारूबंदी, आणि हिंगणघाटला जीन मात्र राजरोस चालू.

एंजिन म्हटलं की आम्हाला एकच ठाऊक: शकुंतलेचं. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी इथला कापूस मुंबईकडे आणि तिथून पुढं मँचेस्टरला जावा म्हणूनच आखलेली. तिला ओढणारं वाफेचं एंजिनही 1921 साली मँचेस्टरलाच बनलेलं. ते 1994 पर्यंत राबलं. म्हणजे गावात दोन एंजिनं होती. एक कापूस रेची, दुसरं तो वाहून नेई. पहिल्याचा ‘एं’ हरवला होता, दुसऱ्याचा वेळ.

बाबांनी एकदा मला त्यांचं यंत्र जवळून दाखवलं होतं. डबल रोलर. आवाज असा की बोलायचं ते खुणेनं. कातड्याचा रूळ गरगर फिरतो, कापसाचे तंतू त्याला चिकटतात आणि आत ओढले जातात. रुळाला एक पातं घट्ट टेकलेलं असतं. तंतू त्याच्या फटीतून निघून जातात, बी अडतं. दुसरं पातं वरखाली हलत त्या बीला टपली मारतं, आणि सरकी खाली, रुई पुढं. शंभर किलो कापसातून रुई निघते साधारण तेहतीस-चौतीस किलो. व्हिटनीनं अमेरिकेत 1793 मध्ये दातेरी जीन काढला, पण आमच्याकडं चालतात ते बहुतेक रुळाचेच. बाबांनी मूठभर रुई माझ्या हातावर ठेवली. गरम होती. एवढ्या गदारोळातून निघालेली वस्तू इतकी मऊ कशी, हे विचारायचं होतं. पण खुणेनं ते विचारता येईना.

पुढं 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि तिसराच ‘जीन’ गावात आला. सभेत एक साहेब समजावून सांगत होते: या बियाण्यात मातीतल्या एका जिवाणूचा जीन घातलाय, आता बोंडअळी पान खाईल तर मरेल. मागं बसलेले आमचे मोठे काका उठले. “साहेब, जीनात कापूस जाते हे जलमभर पाह्यलं. कापसात जीन जाते हे आजच आयकलं!” साहेब हसले, पण त्यांनी वहीत काहीतरी लिहूनही घेतलं. आवाक्यात आलेला शब्द काकांनी मग चांगलाच राबवला. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं शेत पोखरलं तेव्हा त्यांचं निदान एका वाक्याचं होतं: “जीन बंद पडला.” कृषी विद्यापीठाला हेच सांगायला बरीच पानं लागली असती.

चौथा जीन पोरगी घालते, गुडघ्यावर फाटलेला. त्याचं नाव इटलीतल्या जिनोवा शहरावरून पडलं म्हणे. पाचवा घोड्याच्या पाठीवर असतो आणि तो फारसीतून आला. घोडा आमच्याकडं कधीच नव्हता, म्हणून त्याचं राहू द्या.

बाबा आता नाहीत. त्यांचा जीनही नाही. तिथं प्लॉट पडले, पण गावात पत्ता अजून ‘जीनजवळ’ असाच सांगतात. मागच्या दिवाळीत रात्रीच्या एसटीनं उतरलो. ऑटोवाला विशीतला पोरगा. मी सवयीनं म्हटलं, “जीनजवळ घे.”

त्यानं मोबाइलात वेळ पाहिली, मग माझ्या पिकल्या केसांकडं.

“काका, साडेदहा झाले. आता बंद झालं असंन.”