खालच्या सुरांचा जमाखर्च

ऑर्केस्ट्राची सुपारी देताना मंडळाचा खजिनदार सगळ्या वादकांवरून एकदा नजर फिरवतो आणि ती नजर माझ्यावर येऊन थांबते. मग तो आमच्या मालकांना बाजूला घेऊन विचारतो, "हे काढले तर कितीत बसेल?" 'हे' म्हणजे मी. की-बोर्डवाल्याला काढायची कुणाची छाती नसते, ढोलकीवाला काढला तर लावणी कशावर करणार, आणि लीड गिटारवाल्याचे केस बॅनरवर छापून झालेले असतात. उरतो बेस गिटारवाला. मालक मुरलेले आहेत. ते म्हणतात, "काढू की! फक्त तिसऱ्या गाण्याला अध्यक्षसाहेब येऊन विचारतील, आज सगळं पोकळ का वाटतंय म्हणून. तेव्हा उत्तर तुम्ही द्यायचं."

बेसचं हे असंच आहे. असला तर कुणाला पत्ता नसतो, आणि नसला तर सगळ्यांना काहीतरी खटकतं, पण काय ते सांगता येत नाही. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांवर माना डोलवणारे उदंड आहेत. त्यांच्या वादकांत बेस वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचं नाव त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल? मान मात्र त्यांच्याच बोटांनी डोलवलेली असते.

बेसवाल्याने सामान घेतानाही हीच कसोटी लावावी, असं माझं ठाम मत आहे. ज्या वस्तूकडे कार्यक्रमभर कुणाचं, अगदी आपलंही, लक्ष गेलं नाही, तिचे पैसे वसूल. जिच्याविषयी मध्यंतरात चर्चा करावी लागली ती महागात पडली, मग ती कुणी फुकट दिलेली का असेना. या कसोटीला आमच्या घरी एक पुरवणी जोडलेली आहे. ती बायकोची. तिला रुपयांतल्या किमतीत रस नाही. ती विचारते, "हे किती नाईटमध्ये फिटतं?" बँकेत कर्जखातं सांभाळणाऱ्या बाईशी लग्न केलं की परतफेडीचे हप्ते असे संसारात येतात. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक वस्तूचा भाव नाईटमध्येच, म्हणजे एकेका कार्यक्रमाच्या बिदागीत, निघतो.

मुळात हे वाद्य जन्माला आलं तेच हमालीला कंटाळून. त्याआधीचा उभा डबल बेस माणसापेक्षा उंच. तो घेऊन गाडीत बसायचं तर माणसाने बाहेर राहायचं. एवढं करून ड्रम आणि ट्रम्पेटच्या गदारोळात तो ऐकू येत नसे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने 1951 मध्ये तो गळ्यात अडकवता येईल एवढा केला, विजेला जोडला आणि सूर नेमका लागावा म्हणून त्याला पडदे बसवले. नावही ठेवलं प्रिसिजन बेस. या फेंडरना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. हे ऐकून आमच्या लीड गिटारवाल्याला दर वेळी नव्याने वाईट वाटतं. त्यांनी तारेची लांबी 34 इंच ठरवली, ती आजही बहुतेक बेसना तशीच आहे. 1960 मध्ये त्यांच्याच कारखान्यातून निमुळत्या मानेचा, दोन पिकअपचा जॅझ बेस आला. आज दुकानात भिंतभर टांगलेल्या बेसपैकी निम्म्याहून अधिक या दोघांचेच वंशज. बाकी फरक बराचसा रंगाचा. रंगाला नाईट मिळत नाहीत.

दुकानातला मुलगा कुठल्याही बेसची ओळख एकाच पद्धतीने करून देतो. तो अंगठ्याने तारेवर ताडताड फटके मारतो. वीस सेकंदांत इतकं काही वाजवतो की आपण विकत घेण्याऐवजी विकून टाकावं असं वाटू लागतं. पण कोजागिरीच्या कार्यक्रमात कुणी असं वाजवू देत नाही. तिथे पहिल्या मात्रेवर 'सा', जमलं तर मध्ये 'प', आणि गायिकेला श्वास घ्यायचा असेल तेव्हा गप्प बसणं, एवढं लागतं. म्हणून मी वायर काढायला लावतो. मुलगा गोंधळतो, "सर, आवाज नाही ऐकायचा?" मी म्हणतो, "आवाज साउंडवाल्याच्या हातात असतो. मला लाकूड बघू दे."

मग बेस उलटा धरायचा, एक डोळा मिटायचा आणि माथ्याकडून मानेवर नजर लावून ती सरळ आहे का ते बघायचं. प्रत्येक तारेचा प्रत्येक पडदा दाबून कुठे करकरतंय का ते ऐकायचं. हाताचा तळवा पडद्यांच्या कडेवरून वर-खाली न्यायचा. ओरखडा उठला तर कारखान्यात कानस मारायची राहिली आहे. शेवटी पट्टा गळ्यात अडकवून दोन्ही हात सोडायचे. काही बेस तेवढ्यात माथं जमिनीकडे झुकवतात. असा बेस तीन तास डाव्या हाताने उचलून धरावा लागतो, आणि त्याच हाताने वाजवायचंही असतं. या सगळ्याला पंधरा मिनिटं लागतात आणि दुकानातली इतर गिऱ्हाइकं माझ्याकडे काळजीने बघतात.

भाव म्हणाल तर पंधरा-वीस हजारांपासून काही लाखांपर्यंत. खालच्या टोकाला नाक मुरडायचे दिवस गेले. स्क्वायर, यामाहा, आयबानेझ, कॉर्ट यांचे कित्येक बेस इंडोनेशियात तयार होतात, लाकूड संगणकावर चालणारं यंत्र कापतं, आणि यंत्राला सोमवारचा कंटाळा नसतो. तिथून वर चढताना पहिल्या काही पायऱ्यांवर खुंट्या चांगल्या येतात, पिकअप चांगले येतात. ते कानाला कळतं. त्यापुढे लाकडाची चर्चा सुरू होते. आमचा लीडवाला डोळे मिटून सांगतो, हे अल्डर, हे अॅश. त्याला झाड ऐकू येतं. स्वतःची दुसरी तार उतरली आहे, ते मात्र आम्हालाच सांगावं लागतं.

थोरामोठ्यांकडे पाहिलं तरी हाच बोध होतो. पॉल मॅकार्टनीने 1961 मध्ये हॅम्बर्गला हॉफनर घेतला तो तीसेक पौंडांत, परवडला म्हणून. शिवाय दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने डावखुऱ्याच्या हातात तो उलटा वाटत नव्हता. तो 1972 मध्ये चोरीला गेला आणि अर्ध्या शतकानंतर मालकाला परत मिळाला. मोटाउन रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमर्सन एकाच बोटाने वाजवायचा आणि तार तुटल्याशिवाय बदलायचा नाही. जॅको पास्टोरियसने आपल्या जॅझ बेसचे पडदे काढून टाकले आणि वर बोटीला लावतात ते इपॉक्सी चढवलं. हे प्रयोग घरी करू नयेत. पण यांतल्या एकाचीही महती लाकडाच्या जातीवर उभी नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

जेमर्सनचा तो किस्सा मी बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितला होता. तेव्हापासून नव्या तारांचा विषय काढला की ती त्याचाच दाखला देते. चार तारांचा बरा संच दोन-अडीच हजारांना पडतो. साध्या बेसच्या मानाने हा चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला झाला. तारा उकळत्या पाण्यात टाकल्या की घामाचा आणि तेलाचा थर सुटतो आणि काही दिवस आवाज पुन्हा चकाकतो, हे खरं आहे. फक्त त्यासाठी घरातलं पातेलं वापरू नये. सासूबाई त्यात काय शिजतंय ते बघायला येतात.

चार तारा की पाच, यावर वादकांत तट आहेत. माझा निर्णय गायिकेच्या घशाने केला. चार तारांच्या बेसचा सर्वांत खालचा सूर पांढरी तीन. गायिका तालमीला पांढरी चारमध्ये गाते आणि ऐन कार्यक्रमात सर्दीमुळे "काळी दोन घेऊ या हं" म्हणते. म्हणजे खालचा 'सा' माझ्या बेसच्या बाहेर अर्ध्या सुरावर उभा! मग तो वरच्या सप्तकात वाजवावा लागतो आणि गाण्याच्या पायाखालची जमीन सरकते. पाचवी तार असली की सर्दी कितीही उतरो, आपण तिच्याखाली असतो. आपल्याकडच्या हवामानात पाचवी तार फिटते.

अॅक्टिव्ह बेसमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असते. आवाजाला झणका येतो, पण त्यातली मेख दुकानदार सांगत नाही: वायरची पिन खोचली की बॅटरी चालू होते, बटण वगैरे नसतं. मध्यंतरात पिन तशीच ठेवून वडा खायला जाणाऱ्याची बॅटरीही वडा संपेपर्यंत खर्च होत असते. ती मरताना एकदम मरत नाही. आधी आवाज फाटू लागतो आणि सगळे साउंडवाल्यावर ओरडतात. खिशात एक जादा बॅटरी, नाहीतर साधा पॅसिव्ह बेस. आपल्याकडचा पावसाळाही हिशेबात धरावा. दमट हवेत लाकडाची मान हलते, तारा कधी वर उचलतात, कधी पडद्यांना टेकतात. मानेच्या आतल्या सळईला अॅलन कीने पाव आटा द्यावा लागतो. पाव म्हणजे पाव. जोर काढायला व्यायामशाळा आहेत.

आता अॅम्प्लिफायर. माणसाचा कान खालच्या सुरांना थोडा बहिरा आहे. बेल लॅबोरेटरीजच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये त्याचे आलेखच काढले. म्हणून लीडवाल्याचं तीस वॉटमध्ये भागतं तिथे मला तीनशे लागतात. 1969 चा अॅम्पेग एसव्हीटी बरोबर तेवढ्याचा: वरचं डोकं भलतंच जड, खाली दहा इंची आठ स्पीकरचं खोकं त्याहून जड. जगभरचे बेसवाले त्या खोक्याला प्रेमाने फ्रिज म्हणतात. आवाज स्वर्गीय, पण लिफ्ट बंद असलेल्या सभागृहाच्या दुसऱ्या मजल्यावर स्वर्ग जरा लवकर जवळ येतो. हल्ली क्लास-डी जातीचे अॅम्प दोन-अडीच किलोत पाचशे वॉट देतात. मोठ्या कार्यक्रमात तर तेही लागत नाहीत. लागतो एक डीआय बॉक्स, बेस थेट साउंडवाल्याच्या यंत्रणेला जोडून देणारा, खोबऱ्याच्या वडीच्या डब्याएवढा.

त्याची किंमत कळावी म्हणून एका लग्नाच्या लॉनवर साउंडवाल्या दादांशी झालेला संवाद देतो.

"दादा, बेसला लाइन द्या ना."

"बेसला कशाला लाइन? बेस की-बोर्डमध्ये असतो की!"

"तरी द्या."

दादांनी एक वायर फेकली. तिच्या पिनेजवळ चिकटपट्टीचे तीन रंग होते. तीन पिढ्यांनी डागडुजी केली असावी. ती थेट बेसला लावताच जनरेटरची घूंऽऽ अशी घरघर सगळ्या लॉनवर पसरली आणि भटजींनी मंगलाष्टकांचा सूर तिच्याशी जुळवून घेतला. मी पिशवीतून डीआय काढला, आपली वायर आपल्या बेसला, दादांची माइकची वायर पलीकडे, आणि बाजूचं ग्राउंड लिफ्टचं बटण टिचकीने सरकवलं. घरघर गायब. दादांनी डब्याकडे पाहिलं, मग आयुष्यात प्रथमच माझ्याकडे पाहिलं. "कितीला पडतो हो हा?" मी भाव नाईटमध्ये सांगितला. ते थोडा वेळ थांबून म्हणाले, "भाड्याने देणार का?"

घरघर थांबल्याचं पाहुण्यांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. कसोटी उत्तीर्ण.

छोट्या सामानाची यादी अशीच निरस आहे: चार इंच रुंद चामडी पट्टा, जादा वायर, पायाने दाबायचा ट्यूनर, वायर स्टेजला चिकटवायची कापडी टेप, कानात घालायचे बोळे. पट्ट्याला अर्धी नाईट पडते आणि तो न घेतल्यास हाडांच्या डॉक्टरला कितीतरी नाईट. सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरींवर पैसे घालवू नयेत. त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला शेवटी दादाच असतात.

लग्नाचं चित्रीकरण नंतर नातेवाइकांत फिरतं. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला बेसच्या जाड तारेचा 41 हर्ट्झचा सूर झेपत नाही, पण वरचे उपसूर ऐकून मेंदू खालचा सूर आपणहून भरून काढतो. म्हणजे माझं वाजवणं ते स्वतःच्याच डोक्यात वाजवून घेतात. बिदागी मात्र मला मिळते. एवढा किफायतशीर धंदा दुसरा नसेल.

मेव्हण्याचा मुलगा आता बेस शिकायचं म्हणतोय. त्याने बजेट सांगून विचारलं, "काका, कुठून सुरुवात करू?" मी त्याला म्हटलं, निम्मे पैसे बेसला, त्यातले थोडे मान आणि तारा नीट लावून घ्यायला, उरलेल्यात डीआय, पट्टा, दोन वायरी. आणि या सगळ्याच्या आधी, गाडी असलेल्या ऑक्टोपॅडवाल्याशी मैत्री कर. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद होतो, आवराआवर होईतो शेवटची बस गेलेली असते, आणि रिक्षावाला आपल्या खांद्यावरची लांबडी पिशवी पाहूनच मान हलवतो. आमच्या ऑक्टोपॅडवाल्याच्या जुन्या व्हॅनमध्ये दोन बेस, एक अॅम्प आणि मी मावतो. त्याबदल्यात तो घरापर्यंत समजावून सांगतो की आजची सगळी गाणी मी नेमकी कुठे ओढली. तेवढ्या एका सामानाचा भाव नाईटमध्ये काढायला बायकोलाही अजून जमलेलं नाही.