मोटारीचं बिऱ्हाड

मुंबईत जागेची टंचाई आहे, असं म्हणणाऱ्यांनी एकदा विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, 2034 चाळावी. माणसाला या शहरात घर मिळालंच पाहिजे, असं तिच्यात कुठंही सापडणार नाही. मोटारीला मात्र मिळालंच पाहिजे, त्याशिवाय इमारतीचा नकाशा मंजूर होत नाही.

हिशोब चोख आहे. फ्लॅटचा कार्पेट 90 चौरस मीटरच्या वर गेला, की दोन मोटारींची जागा ठेवायची. 60 ते 90 असेल तर एक. 45 ते 60 असेल तर दोन घरांत मिळून एक. आणि 45 पर्यंतच्या चार घरांत मिळून एक. आता चार बिऱ्हाडांनी एक मोटार कशी वापरायची, यावर नियमावली मौन पाळून आहे. बहुधा जोशींकडे स्टेअरिंग, शेखांकडे चाकं, परेरांकडे डिकी आणि पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे हॉर्न अशी वाटणी अपेक्षित असावी. हॉर्न काकूंकडे गेला, तर सोसायटीची एजीएम लवकर आटपेल हा फायदा वेगळा.

मोटारीच्या खोलीचं मापही ठरलेलं आहे. मोठी असेल तर 2.5 बाय 5.5 मीटर, म्हणजे 148 चौरस फूट. लहान असेल तर 2.3 बाय 4.5, म्हणजे 111. माणसाला एकच खोली द्यायची झाली, तर राष्ट्रीय इमारत संहितेच्या मते 9.5 चौरस मीटर पुरतात, म्हणजे 102 चौरस फूट. गरिबाघरची छोटी मोटारसुद्धा माणसापेक्षा ऐसपैस राहते! वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. तेवढ्यात तीन-तीन पिढ्या वाढल्या, बाळंतपणं झाली, दहावीचे अभ्यास झाले, दरवर्षी गणपतीही बसला. मोठ्या मोटारीला जवळपास तेवढीच जागा लागते आणि तिथे ती एकटी, अंगावर कव्हर घेऊन, दिवसाचे बावीस तास झोपते. रॅम्प आणि वळायची वाट धरली, तर हीच जागा दुप्पट होते.

या जागेचं आणखी एक कौतुक असं, की नियमात बसणारं पार्किंग एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल त्या हिशोबात, धरत नाहीत. त्यामुळे लालबाग-परळच्या टॉवरपाशी उभं राहून वर पाहिलं, की आधी चार-सहा मजले मोटारींचे आणि त्यांच्या डोक्यावर माणसं. फुटपाथवरून जाणाऱ्याच्या वाट्याला पोडियमची भिंत येते.

सॅम्पल फ्लॅट दाखवणारा टाय लावलेला पोरगा हमखास सांगतो, "सर, पार्किंग कॉम्प्लिमेंटरी आहे." सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली नहालचंद लालूचंद खटल्यात स्पष्ट केलं, की स्टिल्टमधली जागा हा काही वेगळा विकायचा गाळा नव्हे. तेव्हापासून ती विकत नाहीत, 'अलॉट' करतात. काँक्रीट ओतायला लागलेले पैसे कुठून तरी यायला हवेत, ते फ्लॅटच्या भावात येऊन बसतात. ज्या आजोबांचं उभं आयुष्य बेस्टच्या पासावर गेलं, तेही घर घेताना शेजाऱ्याच्या एसयूव्हीच्या छपराला हातभार लावतात. आजोबांच्या वाट्याच्या जागेत मग काय असतं? बंद पडलेला गीझर, नातवाची चाक नसलेली सायकल, गेल्या वर्षीचं मखर. वॉचमन मात्र मीटर रूमच्या दारात खाट टाकून झोपतो. त्याच्यासाठी किती चौरस मीटर ठेवायचे, याचं कोष्टक कुणी छापलेलं नाही.

पार्किंगची सक्ती नको म्हटलं, की "सक्ती काढली तर गाड्या रस्त्यावर येतील हो!" ही हरकत ठरलेली. येतील कशाला? आल्या आहेत. महापालिकेने बिल्डरांना जादा एफएसआय देऊन सार्वजनिक वाहनतळ बांधून घेतले आणि जुलै 2019 मध्ये अशा वाहनतळांच्या 500 मीटरच्या आत रस्त्यावर मोटार लावणाऱ्याला दहा हजारांचा दंड जाहीर केला. बाहेर फुकट आणि आत पैसे, तर दंडाचा सोटा उगारल्याशिवाय आत जाणार कोण?

2025 मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक म्हणाले, की पार्किंगचा दाखला असेल तरच नव्या गाडीची नोंदणी. जपानमध्ये हे 1962 च्या कायद्यापासून चालू आहे. मेख एवढीच, की तिथे जागा कुठे आहे हा प्रश्न मोटार घेणाऱ्याला विचारतात. आपण तो घर बांधणाऱ्याला विचारतो आणि बिल घर घेणाऱ्याला देतो.

डोनाल्ड शूप नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने फुकट पार्किंग किती महाग पडतं, यावर 2005 मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. 2022 मध्ये कॅलिफोर्नियाने मोठ्या सार्वजनिक वाहतुकीच्या थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या आत बांधायच्या बहुतेक इमारतींवरची पार्किंगची सक्ती कायद्याने उठवली. मोटारीशिवाय दूध आणायलाही बाहेर न पडणारा तो मुलुख! दादर, कुर्ला, अंधेरीपासून अर्धा-अर्धा मैल मोजत निघा, बघा सक्तीला किती मुंबई उरते. पण आपल्याकडे लोकलला लोंबकळत जाणाऱ्यालाही मोटारीच्या जागेचे पैसे भरावेच लागतात.

नियमावलीत बदल करायचा झाला, तर एमआरटीपी कायद्याच्या कलम 37 खाली आधी नोटीस निघते आणि हरकती-सूचनांना एक महिना मिळतो. पुढची नोटीस दिसली, की दोन ओळी खरडून पाठवा: स्टेशनजवळच्या घरांवरची पार्किंगची सक्ती काढा, आणि ज्याला जागा हवी त्याला ती घरापासून वेगळी, रोख भाड्याने घेऊ द्या. साधा कागद चालतो. सही मात्र करा.