ज्याअर्थी आजी शंभर वर्षांच्या झाल्या

अमेरिकेत आजी शंभरीला पोचल्या, की राज्याच्या विधिमंडळाकडून त्यांच्या अभिनंदनाचा ठराव आणता येतो. आजीच कशाला? निवृत्त होणारी ग्रंथपाल, संसाराची पन्नाशी गाठलेलं जोडपं, बास्केटबॉल जिंकून आलेल्या शाळेच्या पोरी, कुणीही चालतं. त्यासाठी आमदाराच्या दारात चपला काढून तासभर बसावं लागत नाही. आपल्या मतदारसंघाच्या आमदाराच्या कार्यालयाला वेळेत अर्ज धाडायचा.

खरी गंमत त्या अर्जात असते. सत्कारमूर्तीची थोरवी आमदाराला कुठून ठाऊक असणार? मुद्दे आपणच पुरवायचे. मराठी माणूस इथे आधी अडतो. ‘आमच्याबद्दल आम्हीच काय सांगायचं’ असं म्हणतो, आणि मग चार पानं लिहितो.

पुढे त्या मुद्द्यांना कोर्टाच्या नोटिशीची भाषा चढते. ज्याअर्थी अमुक बाईंनी गावातल्या तीन पिढ्यांना गोष्टी वाचून दाखवल्या, आणि ज्याअर्थी पुस्तक उशिरा आणणाऱ्यालाही त्या हसून बोलल्या, त्याअर्थी हे सभागृह असा ठराव करते की... कायद्याच्या दृष्टीनं वजन शून्य. पण वर राज्याची मुद्रा असते आणि खाली सही. दिवाणखान्यात लावायला आणखी काय हवं?

हे ठराव सभागृहात कोण वाचतं, याचा छडा टेक्सासच्या टॉम मूर या आमदारानं १९७१ मध्ये लावला. त्यानं अल्बर्ट डिसाल्वो नावाच्या गृहस्थाच्या गौरवाचा ठराव मांडला. लोकसंख्या नियंत्रणातलं त्याचं कार्य आणि त्याच्या आगळ्या पद्धती यांची त्यात तारीफ होती. ठराव एकमतानं मंजूर झाला. हा डिसाल्वो म्हणजे ‘बॉस्टन स्ट्रँगलर’, तेरा बायकांच्या खुनांची कबुली दिलेला इसम. मूरनं मग ठराव मागे घेतला. तारीख होती १ एप्रिल.

तरीही मला ही प्रथा आवडते. आपल्या विधान भवनात २०२४ साली रोहित शर्मा, सूर्यकुमार यादव वगैरे मंडळींचा सत्कार झाला, पण त्यासाठी आधी विश्वचषक जिंकावा लागला. शोकप्रस्तावाचा मार्ग त्याहून अवघड. त्यासाठी बहुधा आधी आमदार आणि मग दिवंगत व्हावं लागतं. जिवंतपणी नुसतं नीट वागलेल्या माणसाची सोय आपल्या २८८ जणांच्या सभागृहात कुठे आहे?

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांनाही असा ठराव रौप्यमहोत्सवाला शोभून दिसेल. फक्त पंचवीस वर्षांत एका मंडळाची दोन झाली असली, तर अर्जही दोन जातील. आमदार शहाणा असेल तर दोघांनाही ठराव देईल, कारण मतं दोन्हीकडे आहेत. आणि मुद्दे ज्याचे त्यानंच पुरवलेले असल्यामुळे दोन्ही ठरावांत लिहिलेलं असेल : ज्याअर्थी या मंडळानं शहरातल्या सर्व मराठी माणसांना एकत्र ठेवलं...