शंभर नंबरी प्लेसमेंट

कुंभकोणमच्या आसपास नवग्रहांची नऊ देवळं आहेत आणि बारावीचा निकाल लागला की त्यांच्याकडे शाखानिहाय गर्दी होते, अशी माझी पक्की समजूत झाली आहे. बुद्धीसाठी तिरुवेंकाडूचा बुध. मास्तर बरे मिळावेत म्हणून आलंगुडीचा गुरू. आणि मॅनेजमेंट कोट्यातलं काम असेल तर तिरुनागेश्वरमचा राहू, तो कुंभकोणमला लागूनच आहे. मेकॅनिकल मिळावं म्हणून कुणी नवस बोलल्याचं ऐकिवात नाही. ते न मागता मिळतं.

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची माणसं पिढ्यांपूर्वी मूस आणि भट्टी घेऊन देशभर पांगली. सराफकट्टा असलेलं गाव आणि तिथे मराठी गलाईवाला, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करणारा, नाही, असं तमिळनाडूत सहसा होत नाही. आमचे आप्पा त्यांपैकीच. दुकान कुंभकोणमच्या एका बोळात, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. गिऱ्हाइकाने साखळी पुढे केली की आप्पा ती कसोटीवर ओढतात, रेघेवर तेजाबाचा थेंब सोडतात, रेघ विरते कशी ते डोळे बारीक करून बघतात आणि म्हणतात, ''अठरा. बावीस म्हनून गळ्यात मारलंय व्हय तुमच्या?'' सराफांच्या दुकानातली झाडलोटीची मातीसुद्धा हा माणूस विकत घेतो आणि तिच्यातून गुंजभर सोनं काढून दाखवतो.

याच आप्पांच्या हातात परवा एका कॉलेजचं गुळगुळीत माहितीपत्रक होतं. वर लिहिलं होतं, 'शंभर टक्के प्लेसमेंट'. आप्पांनी ते कपाळाला लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं.

आप्पांच्या पोराला कॉम्प्युटर सायन्सच घ्यायचं, हे त्याच्या बारशालाच ठरलं होतं. आता नियोजन उरलं होतं ते फक्त कुठल्या कॉम्प्युटर सायन्सचं. त्यासाठी घरात बैठक बसली. आप्पा, मी, फोनवर गावाकडून तात्या, आणि सल्लागार म्हणून शेजारचे बँकेतून निवृत्त झालेले तमिळ मामा. पोरगंही होतं, कॉफी आणून द्यायला.

तात्यांचा हट्ट एकच : ''सांगलीला वालचंद असताना पोरगं मुलखाबाहेर का?'' त्यासाठी सीईटी द्यावी लागते, ती पोराने दिलेली नाही, हे त्यांना समजावण्यात पहिला तास गेला. तमिळनाडूने २००६ साली कायदा करून प्रवेश परीक्षा मोडीत काढली. इथे बारावीचे गुण हेच सगळं. गणिताचे १००, भौतिकशास्त्राचे ५०, रसायनशास्त्राचे ५०, असा दोनशेचा कटऑफ. पोराने अकरावी-बारावीला संगणकशास्त्र हा विषय हौसेने घेतला होता आणि त्यात त्याला सगळ्यात जास्त गुण पडले होते. ते या दोनशेत कुठेच धरत नाहीत.

''म्हंजे संगनकाची डिग्री मिळनार केमिस्ट्रीवर?'' तात्यांनी विचारलं.

''आदी कळलं असतं तर तेजाबाचं काम घरातच शिकवलं असतं की,'' आप्पा हळहळले.

मामांनी पुढचं सांगितलं. दोन मुलं सगळ्याच बाबतींत बरोबरीत आली, तर शेवटी दहा आकडी रँडम नंबर बघतात. ज्याचा मोठा, तो पुढे. हा नंबर यंत्र काढतं. बैठकीतलं वातावरण एकदम गंभीर झालं. गुणांसाठी अभ्यास करता येतो, या नंबरासाठी काय करायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे तिरुवेंकाडूला जाऊन आले.

मग शाखा. नुसतं कॉम्प्युटर सायन्स आता जुनं झालं. आयटी आहे, एआय अँड डेटा सायन्स आहे, सायबर सिक्युरिटी आहे, आयओटी आहे, कॉम्प्युटर सायन्स अँड बिझनेस सिस्टिम्स आहे. २०२४ पासून एआयसीटीईने चांगल्या ठरलेल्या संस्थांसाठी एका शाखेतल्या जागांवरची मर्यादा उठवली, तेव्हापासून तर पाटी लावायला भिंत पुरत नाही. या पाट्यांमागे शिकवतात काय, हे बैठकीत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, की अण्णा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी मुलगा गणित, फिजिक्स आणि पुन्हा तीच केमिस्ट्री शिकतो. सोबत थोडं प्रोग्रॅमिंग. पुढे समोर डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स उभं राहतं : तर्कशास्त्र, ग्राफ, मोजणीच्या नाना तऱ्हा.

''गणित आवडतं का रे?'' मी पोराला विचारलं.

उत्तर आप्पांनी दिलं. ''आता कशाला गनित? सीएस मिळालं की गनित सुटलं.''

हे वाक्य उच्चारलं गेलं ते सारंगपाणी सन्निधी रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. त्या रस्त्यावर श्रीनिवास रामानुजनचं घर आहे. १९०४ साली तो इथल्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्तीवर दाखल झाला, गणिताखेरीज कशात लक्ष घालेना, इंग्रजीत आपटला आणि शिष्यवृत्ती घालवून बसला. नंतर मद्रासला दोनदा एफ.ए.च्या परीक्षेला बसून नापास. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून म्हणून लागला, महिना ३० रुपये. म्हणजे वार्षिक पॅकेज ३६० रुपये. कॉलेजने तेव्हा फ्लेक्स लावल्याची नोंद नाही.

मामांना उदाहरण वेगळं हवं होतं. ''सुंदर पिचाई पाहा. मदुराईला जन्म, चेन्नईत वाढला, आज गूगलच्या गादीवर! कॉम्प्युटर सायन्स म्हणजे हे!''

सुंदर पिचाईंनी खरगपूरच्या आयआयटीतून घेतलेली पदवी मेटलर्जीची आहे, १९९३ सालची. मेटलर्जी म्हणजे धातू वितळवणं, गाळणं, शुद्ध करणं.

''म्हंजे आमच्याच धंद्यातला की ओ!'' आप्पा उभेच राहिले. फोनवर तात्यांचा आवाज चढला, ''सांगत हुतो, पोराला भट्टीवर बसवा!'' क्षणभर वाटलं, घराण्याचा इतिहास बदलतो आहे. मग आप्पा खाली बसले आणि म्हणाले, ''असू दे. त्याला जमलं. आपन सीएसच भरू.''

नवलाची गोष्ट ही, की जो माणूस कुणाच्या लग्नातल्या दागिन्यावरही विश्वास ठेवत नाही, तो शंभर टक्क्यांवर डोळे मिटून भरवसा ठेवतो. या शंभरातही खोट मिसळता येते. प्लेसमेंटसाठी 'पात्र' ठरलेली मुलंच मोजायची आणि विषय राहिलेली वगळायची. एकाच पोराला तीन कंपन्यांनी बोलावलं तर तीन आकडे धरायचे. फ्लेक्सवर एकाच मुलीचं सर्वांत मोठं पॅकेज झळकवायचं आणि बाकी सगळ्यांचं काय झालं ते छापायचं नाही. ही रेघ आप्पांच्या कसोटीवर दोन सेकंदही टिकली नसती. पण ती त्यांनी ओढलीच नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी यंदा पसंतीची यादी भरायची आहे, त्यांना विनंती. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजला आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर टाकावी लागते. तीत किती मुलं दाखल झाली, किती वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, हे असतं. मध्यक म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी मिळाला. फ्लेक्सवरचा आकडा आणि हा आकडा शेजारी शेजारी लिहा. अण्णा विद्यापीठ संलग्न कॉलेजांचे दर सत्राचे निकाल जाहीर करतं, तेही बघा. आणि एवढं करून जीव भरला नाही, तर कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाच्या पोराला गाठून विचारा, मास्तर वर्गावर येतात का. पहिल्या वर्षाच्याला विचारू नका, त्याला अजून काही कळलेलं नसतं. चौथ्या वर्षाच्यालाही नको, तो मुलाखतीत असतो.