उलटी उचल

ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याला मुकादम आधी पैसे देतो. क्रूझ जहाजावर नोकरीला निघालेल्या पोराकडून एजंट आधी पैसे घेतो. बीड जिल्ह्यातल्या उमापूरच्या माणसाला पहिल्या उचलीचा हिशेब तोंडपाठ असतो: किती घेतले, किती टन तोडल्यावर फिटतील, पुढच्या हंगामावर किती जातील. दुसऱ्या, उलट्या उचलीचा हिशेब मात्र त्याला कुणी समजावलेला नाही. लुटणाऱ्याचं फावतं ते इथेच.

'डॉलरमध्ये पगार, राहणं-खाणं फुकट, जग फिरा.' ही जाहिरात आता गेवराई तालुक्यातल्या पोरांच्याही मोबाइलवर येते. हॉटेल मॅनेजमेंट केलेला, पुण्या-संभाजीनगरच्या हॉटेलात तुटपुंज्या पगारावर राबणारा मुलगा ती उघडतो, नंबर फिरवतो आणि घरी येऊन बापाला म्हणतो, एवढे पैसे भरायचेत. बाप सोनं गहाण टाकतो नाहीतर जमिनीचा तुकडा दाखवून सावकाराकडून उचलतो. पोराने अजून समुद्र पाहिलेलाही नसतो आणि घर कर्जात बुडालेलं असतं.

म्हणून आधी जहाजावर काय असतं ते सांगतो. आयकॉन ऑफ द सीज हे जहाज जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीला निघालं. लांबी ३६५ मीटर, मजले वीस, जास्तीत जास्त प्रवासी ७,६०० आणि त्यांच्या दिमतीला सुमारे २,३५० कर्मचारी. समुद्राचं खारं पाणी गोडं करून इतक्या माणसांच्या अंघोळी, स्वयंपाक आणि धुणीभांडी रोज उरकली जातात. टँकरची वाट बघत रिकाम्या हंड्यांची रांग लावलेल्या बीड जिल्ह्याच्या माणसाला याचं नवल वाटणारच, आणि वाटावंही. यंत्र म्हणून क्रूझ जहाज हा माणसाच्या अकलेचा मोठा पराक्रम आहे. पण तो पराक्रम चोवीस तास चालू ठेवणारी माणसं पाण्याच्या पातळीजवळच्या आणि तिच्याखालच्या मजल्यांवर राहतात, बहुधा बिनखिडकीच्या खोलीत, एकावर एक टांगलेल्या दोन पलंगांवर. वरच्या मजल्यावरचा सूर्यास्त जाहिरातीत असतो. खालची खोली नसते.

कामाचं स्वरूपही नीट समजून घ्या. खोल्या आवरणाऱ्या स्टुअर्डकडे डझनभर ते वीस खोल्या असतात, आणि काही जहाजांवर त्या दिवसातून दोनदा आवरायच्या असतात. वेटरला सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण अशा तुकड्यांत काम असतं. मधल्या दोन-तीन तासांत झोप काढायची की कपडे धुवायचे, हे त्याचं त्याने ठरवायचं. सफर संपते तो दिवस सगळ्यात जीवघेणा. सकाळी हजारो प्रवासी उतरतात, दुपारपासून तितकेच नवे चढतात आणि मधल्या काही तासांत प्रत्येक चादर, प्रत्येक टॉवेल, प्रत्येक बाथरूम नवं करायचं असतं. बॅगांचे डोंगर उतरवायचे, पुढच्या सफरीचं धान्य, मांस, भाज्या, दारू चढवायची. संध्याकाळी नवे प्रवासी हात हलवत बंदर सोडतात, तेव्हा खालचा माणूस सकाळपासून टेकलेला नसतो.

यात सुट्टीचा वार नसतो. कॉन्ट्रॅक्ट सहा ते नऊ महिन्यांचं आणि त्यात रविवार असा नाहीच. खलाशांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार, म्हणजे २००६ चा सागरी श्रम करार, ऑगस्ट २०१३ पासून लागू झाला आणि भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यात विश्रांतीचा नियम आहे: चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान ७७ तास. ऐकायला बरं वाटतं. पण आठवड्याचे १६८ तास घ्या, त्यातून ७७ वजा करा. उरलेले ९१ तास कामाला लावायला हा नियम आडवा येत नाही. जमिनीवरच्या कुठल्या कारखान्याने कामगारांना आठवड्याला ९१ तास राबवलं तर गेटवर संप होईल.

आता जग फिरण्याचं बघू. जहाज बंदराला लागलं की प्रवासी बसमध्ये बसून गाव बघायला जातात. कर्मचाऱ्याला उतरायचं असेल तर आधी ड्यूटी संपलेली हवी आणि दुसरं म्हणजे त्या दिवशी त्याचं नाव 'इन पोर्ट मॅनिंग'च्या यादीत नको. बंदरातही आग लागू शकते, म्हणून ठरावीक माणसं जहाजावर ठेवावीच लागतात. नियम योग्य आहे. पण त्यामुळे महिन्यातली कित्येक बंदरं पोराला फक्त दाराच्या फटीतून दिसतात. उतरायला मिळालंच तर दोन तासांत तो काय करतो? स्वस्त वायफाय शोधतो आणि आईला व्हिडिओ कॉल लावतो. त्याच्या जहाजाने गाठलेली बंदरं भरपूर, त्याने पाहिलेली शहरं मात्र मोजकी.

प्रवाशांच्या बाजूनेही बंदराची भेट काही तासांचीच. इटलीच्या सरकारने ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून जायला बंदी घातली. मुंबई उलट दिशेने निघाली आहे. बॅलार्ड पियरवर नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभं राहिलंय आणि केंद्राच्या क्रूझ भारत मिशनने २०२९ पर्यंत समुद्रावरच्या क्रूझ प्रवाशांची संख्या वर्षाला दहा लाखांवर नेण्याचं ठरवलंय. हे प्रवासी सकाळी उतरतील, गेटवे, मणिभवन, धोबीघाट बघतील आणि संध्याकाळी परत चढतील. वेरूळ-अजिंठ्यापर्यंत यायलाच त्यांना वेळ नाही. तेव्हा या धंद्यातून मराठवाड्याच्या वाट्याला काही येणार असेल तर ती फक्त नोकरी. म्हणूनच ती नोकरी चोख हवी.

आणि ही नोकरी जिवावर बेतू शकते, हेही सांगायला हवं. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री कोस्टा काँकॉर्डिया हे क्रूझ जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलं. ३२ माणसं गेली. प्रवासी अजून जहाजावर असताना कप्तान उतरून गेला होता. पुढे त्याला सोळा वर्षांची शिक्षा झाली. त्या ३२ जणांत मुंबईचा एक वेटर होता. बाकीचे सगळे सापडले तरी त्याचा पत्ता लागला नव्हता. नोव्हेंबर २०१४ मध्ये जहाज तोडायला घेतलं, तेव्हा एका खोलीत त्याचे अवशेष मिळाले. जवळजवळ तीन वर्षं मुंबईतलं एक घर वाट बघत होतं.

कोविडचं उदाहरण ताजं आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला डायमंड प्रिन्सेस अडकलं. जहाजावर ३,७११ माणसं. प्रवाशांना खोलीबाहेर पडायला बंदी होती, पण त्यांच्या दाराशी जेवणाची ताटं नेणारे कर्मचारी मात्र फिरत होते, एका खोलीत दोघे झोपत होते आणि एकत्र जेवत होते. विलगीकरण प्रवाशांचं झालं, सेवकांचं झालं नाही. त्या जहाजावर १३८ भारतीय होते, त्यातले १३२ कर्मचारी. पुढे एप्रिलमध्ये मारेला डिस्कव्हरी या क्रूझ जहाजावरच्या सुमारे दीडशे भारतीय कर्मचाऱ्यांना मुंबईच्या किनाऱ्यावर येऊनही लगेच जमिनीवर पाय ठेवता आला नाही. गृहमंत्रालयाने कार्यपद्धती ठरवली, तेव्हा कुठे ते उतरले. घर समोर आणि परवानगी दिल्लीत.

मुंबईहून निघणाऱ्या जहाजाचं भवितव्यही पक्कं नसतं. कर्णिका हे जहाज २०१९ मध्ये मोठ्या गाजावाजाने सुरू झालं. वर्षभरात कोविड आला, कंपनी बंद पडली आणि २०२० संपायच्या आत जहाज अलंगला भंगारात गेलं.

इतकं वाचून कुणी म्हणेल, मग पोरांनी जाऊच नये. मी तसं अजिबात म्हणत नाही. गोव्यात बघा. साष्टी तालुक्यात घराघरात तार्वटी, म्हणजे खलाशी आहेत, दोन-दोन, तीन-तीन पिढ्यांचे. जहाजाच्या पैशावर घरं उभी राहिली, मुलं शिकली. गोवा सरकार निवृत्त खलाशांना आणि त्यांच्या विधवांना पेन्शन देतं. तिथल्या पोराला एजंट खोटं बोलला तर मामा, काका, शेजारी लगेच सांगतात की ही कंपनी खरी, हा माणूस लबाड. उमापूरच्या पोराच्या घरात मुकादम ओळखणारे दहा जण असतात, पण शिपिंग एजंट पारखणारा एकही नसतो. दोन्हीकडची पोरं सारखीच मेहनती आहेत. गोव्याच्या पोराच्या पाठीशी जाणतं गाव आहे, आपल्या पोराच्या पाठीशी फक्त जाहिरात.

तर आता ते गाव आपण व्हायचं. नियम सोपे आहेत. त्याच सागरी श्रम कराराने स्पष्ट सांगितलंय की नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत, थेट नाही आणि आडवळणानेही नाही. वैद्यकीय दाखला, सीडीसी म्हणजे खलाशाचं सरकारी पुस्तक आणि पासपोर्ट, भरतीत एवढाच खर्च पोराचा. व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजमालकाचा. सुरक्षेचं एसटीसीडब्ल्यू प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि त्याची फी भरावी लागते, पण ती मान्यताप्राप्त संस्थेत, पावती घेऊन. 'सगळं मिळून पॅकेज' म्हणत रोख मागणारा माणूस दिसला की उठून निघायचं.

भारतात खलाशी भरती करणाऱ्या संस्थेला नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो. ज्यांच्याकडे तो आहे, त्यांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. फक्त नाव जुळलं म्हणून भागत नाही, कारण खऱ्या संस्थेच्या नावाने खोटे फोन करणारेही आहेत. यादीत दिलेल्या पत्त्यावर आणि फोनवर स्वतः विचारून खात्री करायची. जायच्या आधी करारपत्र हातात हवं: जहाजाचं नाव, कंपनीचं नाव, मूळ पगार, टिप्सचा हिस्सा, किती महिने, परतीचं तिकीट कुणाचं. कॉन्ट्रॅक्ट पूर्ण झाल्यावर घरी पोचवणं ही मालकाची जबाबदारी आहे. २०२४ मध्ये जगभरात मालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांत भारतीय सर्वाधिक होते. त्यातली बहुतेक जहाजं मालवाहू होती, क्रूझ नव्हती, पण परवाना न बघता गेलेला पोरगा शेवटी कुठल्या जहाजावर चढवला जाईल, याची हमी कोण देणार?

ऊसतोडीचा करार आजही बहुतेक तोंडी चालतो, मजुराच्या बाजूचा कायदा फडापर्यंत पोचत नाही. जहाजावरच्या नोकरीत तो कायदा कागदावर आहे, आंतरराष्ट्रीय आहे आणि फुकट आहे. शिवारात जे मिळालं नाही ते समुद्रावर मिळत असताना आपली पोरं ते पैसे मोजून गमावतात, याचा मला संताप येतो.

गेवराई, बीड आणि माजलगावच्या महाविद्यालयांनी एवढं तरी करावं: आरपीएसएल यादी कशी बघायची याचा कागद सूचनाफलकावर लावावा. सरपंचांनी तोच कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर डकवावा. आणि उमापूरच्या बापांनो, पोरगा पैसे मागायला आला तर त्याला नाही म्हणू नका, ओरडूही नका. एजंटचा परवाना क्रमांक मागा, तो यादीत शोधा आणि सापडेपर्यंत सोन्याला हात लावू नका.