नवऱ्याच्या सहीवर बायकोचा देश

परळीत सोयरीक जमवताना मुलीचा बाप सगळं खोदून विचारतो. शेती किती, पाणी कुठलं, भाऊ किती, पोरगा थर्मल वीज केंद्रात कायम आहे की कंत्राटी? पण ‘मुलगा अमेरिकेचा नागरिक आहे’ एवढं कानावर पडलं की विचारपूस तिथंच थांबते. याद्या होतात, त्यात मानपान, सोनं, जेवणावळ सगळं लिहून होतं. पोरगी तिकडं कुठल्या कागदावर राहणार आणि तो कागद कुणाच्या हातात असणार, हे मात्र कुणीच विचारत नाही.

तो कागद कसा असतो ते बघा. अमेरिकी नागरिकाच्या परदेशी बायकोला ग्रीन कार्ड मिळतं, पण तेव्हा लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ते सशर्त असतं आणि दोनच वर्षांचं असतं. बनावट लग्नं रोखायला 1986 साली ही अट आणली. मुदत संपण्याआधीच्या 90 दिवसांत ‘आय-751’ नावाचा अर्ज भरायचा. एकत्र बँक खातं, घरभाड्याचा करार, विमा, लेकराचा जन्मदाखला असे पुरावे जोडायचे. आणि अर्जावर सह्या दोघांच्या. या दोन वर्षांत नवऱ्यानं हात उगारला आणि बाईनं तोंड उघडायचं ठरवलं, तर तिच्यापुढे सगळ्यात आधी उभी राहते ती नवऱ्याची ही सही. नवऱ्यालाही ते पक्कं ठाऊक असतं.

कायद्यात सूट आहे. घटस्फोट झाला किंवा छळ झाला तर बाईला एकटीनं अर्ज करता येतो. पण लग्न खरं होतं हे तिनंच सिद्ध करायचं. पुरावे घरात, घर नवऱ्याच्या ताब्यात, वकिलाची फी डॉलरमध्ये आणि माहेर सातासमुद्रापलीकडं. अशी बाई मार खाऊन गप्प बसली, तर तिला भित्री म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. तिला गप्प बसवायचं हत्यार कायद्यानंच नवऱ्याच्या हाती दिलेलं आहे.

अमेरिकेला नावं ठेवून आपण मात्र सुटत नाही. परळीच्या एखाद्या पोरानं परदेशी मुलीशी लग्न ठरवलं, तर वैद्यनाथाच्या साक्षीनं हार घालून भागत नाही. मुलगी हिंदू नसेल तर हिंदू विवाह कायदा लागू होत नाही. मग 1954 चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस वास्तव्य हवं, मग नोटीस द्यायची आणि ती कार्यालयात लावून हरकतींसाठी आणखी 30 दिवस थांबायचं. दोघांची नावं, वय, पत्ते भिंतीवर, कुणीही यावं आणि वाचावं. जिथं पोरांनी आपल्या मनानं लग्न ठरवलं की अख्खी भावकी उठते, तिथं ही नोटीस म्हणजे भांडणाला दिलेलं आवतण आहे.

लग्न झालं तरी बाईची पायपीट संपत नाही. व्हिसा, मग परदेशी नागरिक म्हणून नोंदणी. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकाकडं असतं, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी, बीडला फेऱ्या आल्या. नोंदणी झालेलं लग्न सलग दोन वर्षं टिकलं की ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्डासाठी अर्ज करता येतो. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या नागरिकांना ती वाटही बंद आहे. नागरिकत्वासाठी अर्ज करायचा तर आधी सात वर्षं भारतात राहिलेलं असावं लागतं.

आणि आता नागरिकत्व कायद्याचं कलम 7-डी वाचा. लग्नाच्या आधारावर मिळालेलं ओसीआय कार्ड, ते लग्न मोडलं तर केंद्र सरकार रद्द करू शकतं. बाई इथं वीस वर्षं राहिलेली असो, तिची लेकरं इथल्या शाळेत असोत, सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं तिनंच काढलेलं असो, कायदा त्यातलं काहीही मोजत नाही. घटस्फोट नवऱ्यापासून झाला आणि वेळ मात्र देश सोडायची आली. हा अन्याय आहे, आणि तो आपल्या संसदेनं लिहिलेला आहे.

बाईचा देश नवऱ्यापुरताच असतो का? परमवीर चक्राचं रेखाटन कुणी केलं? सावित्रीबाई खानोलकरांनी. 1913 साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या या मुलीनं विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी 1932 साली लग्न केलं. ती मराठी शिकली, संस्कृत शिकली आणि देशाच्या सर्वोच्च शौर्यपदकावर तिनं इंद्राचं वज्र कोरलं. नवरा 1952 साली गेला. सावित्रीबाई अखेरपर्यंत याच देशाच्या होऊन राहिल्या. बाईचं देशाशी जडलेलं नातं नवऱ्यावर अवलंबून नसतं, याला याहून मोठा दाखला कोणता हवा?

बनावट लग्नं होतात, दलाल पैसे खातात, सरकारनं चौकशी करायलाच हवी. ती दारात करा. कडक करा, कागद तपासा, दोघांना वेगवेगळं बसवून विचारा. पण एकदा लग्न खरं ठरलं की बाईचा राहण्याचा हक्क तिच्या स्वतःच्या नावानं द्या. दाराची चावी नवऱ्याच्या खिशात ठेवून ‘सुरक्षा’ म्हणू नका.

आईबापांनीही डोळे उघडावेत. मुलाचा पासपोर्ट, व्हिसाचा प्रकार, आधीच्या लग्नाचा निकाल, सगळं लग्नाआधी मागा. लग्नाची नोंदणी करा आणि प्रत्येक कागदाची प्रत पोरीच्या हातात द्या. अनिवासी भारतीयांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करणारं विधेयक 2019 साली राज्यसभेत मांडलं गेलं, त्याचा कायदा झाला नाही. विधी आयोगानं 2024 च्या 287 व्या अहवालात अशा लग्नांसाठी सर्वंकष कायदा करायला सांगितलं. आमच्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारावा, आणि त्याच दमात कलम 7-डी मधली घटस्फोटाची अट काढायची मागणी करावी. परदेशी गेलेल्या आपल्या लेकींसाठी न्याय मागायचा असेल, तर इथं आलेल्या सुनांना तो आधी द्यावा लागेल.